नोलीनचं एकच नाव

नोलीन टॅपरला लपवाछपवी जन्मात जमली नाही. जमली असती तरी न्यूझीलंडच्या दक्षिण टोकावरच्या रिव्हर्टनमध्ये तिचा काय उपयोग होता म्हणा! सकाळी बेकरीत कुणी शिंकलं, तर दुपारी धक्क्यावरचे कोळी त्याला औषध सुचवायचे, असलं ते गाव. त्यामुळे वाचनालयातली हेदर तिला कॉम्प्युटर शिकवायला बसली आणि म्हणाली, "ब्लॉगवर कमेंट करायला हवं तर प्रत्येक ठिकाणी वेगळं नाव घे, नाहीतर एकच आयडी काढ, सगळीकडे चालतो," तेव्हा नोलीनला विचार करावा लागलाच नाही.

"एकच काढ. माझंच नाव घाल, आडनावासकट."

"पण ऐक, तुझ्या नावावर कुणी टिचकी मारली ना, की तू कुठे कुठे काय लिहिलंयस ते सगळं एका पानावर दिसतं."

"दिसू दे की! दोन-दोन नावं चोरांना लागतात."

झालं. विणकामाच्या ब्लॉगवर नोलीन टॅपर, रग्बीच्या ब्लॉगवर पंचाला चष्मा घ्यायला सांगणारी तीही नोलीन टॅपरच. तिचा नवरा रॉस स्वयंपाकघरातून ओरडायचा, "अगं, चीज रोल करपले इकडे! सगळ्या जगाची सासू झालीस, आता घरातही डोकाव जरा!"

असंच फिरता फिरता ती टास्मानियातल्या एका बाईच्या ब्लॉगवर पोचली. बाळंतपणानंतर मनानं आजारी पडलेल्या बायकांचा ब्लॉग होता तो. एका कोवळ्या पोरीनं लिहिलं होतं, 'बाळ रडतं आणि मला वाटतं, त्याला टाकून निघून जावं. मी राक्षसीण आहे का?' खाली खोट्या नावांनी चार गुळमुळीत कमेंट होत्या. नोलीनचा जीव तुटला. तीस वर्षांत जे तिनं रॉसलासुद्धा सांगितलं नव्हतं, ते तिनं तिथे लिहिलं. मुलगा ब्रेंडन काही आठवड्यांचा असताना तिनं त्याची बाबागाडी धक्क्याच्या टोकाला उभी केली होती आणि मागे न बघता चालायला लागली होती. भरती चढत होती. होऊ दे काय व्हायचं ते, असं मनात आलं होतं. अर्ध्या रस्त्यात पाय थबकले आणि ती धावत परत आली. बाळ झोपलेलं होतं. 'मी राक्षसीण नव्हते, आजारी होते. तूही आजारी आहेस. उद्याच डॉक्टरकडे जा.' खाली आपलं पूर्ण नाव ठेवलं. घाबरलेल्या पोरीनं निनावी माणसावर विश्वास का ठेवावा?

पोरगी डॉक्टरकडे गेली. तसं तिनं येऊन लिहिलंही. नोलीनला त्या दिवशी फार हलकं वाटलं.

मग तिकडे ऑस्ट्रेलियात, कॅलगुर्लीच्या सोन्याच्या खाणीत कामाला असलेल्या ब्रेंडनला मुलगी झाली. टिली. गावाकडच्या माणसांना फोटो बघता यावेत म्हणून त्यानं ब्लॉग काढला. पहिली कमेंट अर्थातच आजीची: 'नाक आजोबांचं आलंय, बिचारी! शाल विणून होतेय, येतेच घेऊन.' विमानाचं तिकीट काढून झालं होतं. सून टानियानं शालीचा नमुना कुठला म्हणून कौतुकानं सासूच्या नावावर टिचकी मारली.

संध्याकाळी ब्रेंडनचा फोन आला.

"आई, तो धक्का आपला रिव्हर्टनचाच ना?"

नोलीननं हातातलं विणकाम खाली ठेवलं. "मी आजारी होते रे. तेव्हा त्याला कुणी आजारसुद्धा म्हणत नव्हतं."

"माहितेय. वाचलं मी सगळं. टानिया घाबरलीय. तू आत्ता येऊ नकोस. तिची आई येतेय."

"पण मी परत आले ना, धावत आले!"

"अर्ध्या रस्त्यातून," ब्रेंडन म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

रॉस दारात उभा होता. "मला सांगायचंस," तो म्हणाला.

"तू कालवं काढायला समुद्रावर होतास. नेहमीच असायचास."

त्यानंतर तिनं ब्रेंडनच्या ब्लॉगवर काही लिहिलं की खाली यायचं, 'तुमची कमेंट मंजुरीच्या प्रतीक्षेत आहे.' ती मंजुरी कधी आली नाही. टिली पालथी पडली, बसायला लागली, आजी नुसती बघत राहिली. फोन केला तर ब्रेंडन हवापाण्याचं बोलायचा.

"पुसून टाक ना ते टास्मानियाचं," हेदर म्हणाली.

"त्याच्याखाली अजून पोरी येऊन लिहितात गं. त्यांना काय सांगू, आजी पळाली म्हणून?"

"मग ब्रेंडनच्या ब्लॉगपुरतं दुसरं नाव घे."

नोलीननं तिला झिडकारलं. पण हिवाळा सरला, शाल कपाटात पडून राहिली, आणि माणूस शेवटी किती ताठ राहणार? तिनं दुसरं नाव घेतलं. मेव्हिस, राहणार डनीडन. ते टाइप करताना तिला स्वतःची किळस आली.

'दात येत असतील छकुलीला. गार ओलं फडकं द्या चघळायला,' मेव्हिसनं लिहिलं.

थोड्याच वेळात ब्रेंडनचं उत्तर आलं. 'आभारी आहे मेव्हिस! अगदी झकास उपाय. टिली झोपली एकदाची.'

आपल्या लेकाचा असा मोकळा सूर तिनं कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. मेव्हिस येत राहिली, ब्रेंडन उत्तरं देत राहिला. टानियासुद्धा लिहायची. खोकल्याला काय द्यावं, रांगताना जपावं कसं, सगळं मेव्हिसला विचारायचे. नोलीन आनंदानं सांगायची आणि मग कॉम्प्युटर बंद करून सिंकपाशी रडायची.

टिलीच्या पहिल्या वाढदिवसाच्या फोटोखाली ब्रेंडननं लिहिलं, 'मेव्हिस, किती मायेनं लिहिता तुम्ही. तुमची नातवंडं नशीबवान आहेत. किती आहेत?'

नोलीन त्या ओळीकडे बघत बसली. फोटोत टिलीच्या गालाला केक फासलेला होता, आणि नाक अगदी रॉसचं. खरं लिहावं, तर हेही दार बंद. खोटा आकडा लिहावा, तर नसलेल्या पोरांची नावं शोधा. तिनं डोळे पुसले आणि टाइप केलं, 'मला नातवंडं नाहीत.'

तिचं उत्तर पानावर लगेच उमटलं. मेव्हिसला मंजुरी लागत नव्हती.