बावीस मधपेट्या आणि माझा नवा बंपर

आधी माझ्या बॉनेटवर ठेवलेला तो चहाचा पेला उचला, मग सांगते.

हां. मी पिकअप बोलतेय. पुढे दोघांना बसायची सोय, मागे उघडा हौदा आणि सध्या नाकाच्या जागी अर्धवट कापलेलं लोखंड. येणारे-जाणारे थांबून विचारतात, “कुठे ठोकलीत?” कुठेही ठोकलेली नाही हो! हे माझं हौसेनं करून आणलेलं रूप आहे.

कारखान्यात माझा जन्म झाला तेव्हा एकेक बोल्ट मापून बसवला होता. मला घडवणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र कटाक्षानं पाळली होती. जे बसवायचं ते उद्या उघडताही आलं पाहिजे. तेव्हा मला त्याचं काही विशेष वाटलं नाही. आता वाटतं.

पहिली सहा वर्षं मी एका गादीवाल्याकडे काढली. गाद्या हलक्या, मालक अबोल, तक्रारीला जागाच नव्हती. मग त्यानं मला एका मधपाळाला विकलं. मधपाळ म्हणजे मधमाश्या पाळणारा. नवरा-बायको दोघं मिळून हा उद्योग करायचे आणि मला बघायलाही दोघं मिळूनच आले होते. मालकांनी टायरला लाथा मारून पाहिल्या. मालकीणबाई हौद्यात चढल्या आणि वितीनं मोजून म्हणाल्या, “बावीस पेट्या बसतील.”

फुलं जिथे, तिथे पेट्या न्यायच्या असं आमचं काम. सपाटीवरचा बहर संपला की डोंगरावरची झाडं फुलतात. मग पहाटे पेट्यांची दारं जाळीनं बंद करायची, पेट्या माझ्यात रचायच्या आणि ऊन तापायच्या आत वर पोचायचं. उशीर झाला की संपलंच. कोंडलेल्या माश्या घाबरतात, घाबरल्या की आत आणखी उकडतं, मेण मऊ होऊन पोळी कोसळतात. हे मला मालकीणबाईंच्या बोलण्यातूनच कळलं. एरवी माझ्याशी कोण बोलतंय!

गेल्या वर्षी त्या चढावर आम्ही रांगत चाललो होतो, तेवढ्यात मागून साडूभाऊ आले. त्यांची गाडी नवी कोरी. आम्हाला मागे टाकता टाकता त्यांनी काच खाली केली. “दादा, उतरून ढकलू का?”

मालक हसले, पण त्यांचे कान लालबुंद झालेले मला आरशात दिसले.

मला दम लागत होता हे खरंच आहे. का, तर माझा एअर फिल्टर दोन वर्षं कोणी बदललाच नव्हता! नाक चोंदलेल्या माणसाला पळायला लावा आणि वर म्हणा, हा हळू पळतो. पण मला विचारतो कोण? मालकांनी मोबाईलला विचारलं. तिथे कोणी एक गृहस्थ ठासून सांगत होते की गाडीला ताकद हवी तर मोठा इंटरकूलर बसवा.

माझा टर्बो हवा दाबून इंजिनात ढकलतो. दाबली की हवा तापते. तिला वाटेत गार करते ती जाळीदार पेटी म्हणजे इंटरकूलर. माझा होता की स्वतःचा, वहीएवढा! कधी कुरकुर नाही की काही नाही. पण मालकांनी बनवून घेतलेला नवा चांगला पाटाएवढा होता. तो बसवायला ते मला ज्याच्याकडे घेऊन गेले त्या वेल्डरला सगळे ‘कलाकार’ म्हणत. मला तिथेच शंका यायला हवी होती.

“बसेल ना?” मालकांनी विचारलं.

“न बसायला काय झालं? बसवू की!”

तो बसेना. मग माझा बंपर कापला. तरी बसेना, म्हणून पुढची पट्टी कापली. शेवटी इंटरकूलर कसाबसा अडकला, तर बंपरच उरला नव्हता. कलाकारानं जाड पत्र्याचा नवा बंपर केला, चौकोनी जबड्याचा. त्याची भोकं माझ्या भोकांशी जुळेनात. कलाकार म्हणाला, “वेल्डिंगच मारून टाकतो. जन्मात हलणार नाही.” मालक खूश! माझा जुना इंटरकूलर त्याच दिवशी भंगारात गेला.

दुसऱ्या दिवशी मालकीणबाई आल्या. त्यांनी वाकून खालून पाहिलं, वरून पाहिलं, मग विचारलं, “हा उघडायचा कसा?”

“उघडायचाय कशाला, वहिनी?” कलाकार म्हणाला. मालकही हसले. मला दात असते तर मी ते खाल्ले असते.

यंदा आम्ही बावीस पेट्या घेऊन निघालो. मालकांनी चढावर मला अशी काही दामटली की बोलायची सोय नाही. सातव्या वळणावर माझ्या नाकातून ‘फट्’ असा आवाज झाला, मागे काळा धूर उठला आणि माझी ताकदच गेली. इंटरकूलरच्या लोखंडी नळीवर चढवलेला रबरी पाइप निसटला होता. नळीच्या तोंडाला उभारलेली कडा लागते, म्हणजे पाइप घट्ट धरून राहतो. कलाकारानं ती केलीच नव्हती.

तसं काम दोन मिनिटांचं होतं. पाइप चढवायचा, क्लॅम्प आवळायचा. पण ते सगळं बंपरच्या मागे! मालकांचं बोट आत पोचत होतं, हात पोचत नव्हता. त्यांनी मोबाईल काढला, तर रेंज नाही. इतके दिवस सल्ले देणारा आयत्या वेळी गप्प.

ऊन चढायला लागलं. मालकीणबाईंनी एका पेटीला कान लावला. “आवाज बदललाय. मी दारं उघडते.”

“अगं, उघडलीस तर माश्या चरायला जातील. त्या परत येईपर्यंत, संध्याकाळपर्यंत हलता येणार नाही.”

“आणि नाही उघडली तर न्यायला काही उरणार नाही. धरा तिकडून.”

दोघांनी एकेक पेटी उतरवून रस्त्याकडेच्या झाडांखाली नेली. बावीस खेपा. मग त्यांनी जाळ्या काढल्या. माश्या भडकलेल्याच होत्या, मालकांना मानेवर तीन डंख बसले. ते तसेच हत्यारांच्या पेटीतून लोखंड कापायची करवत काढून माझ्यासमोर मांडी घालून बसले आणि कापायला लागले.

जन्मात हलणार नाही हे कलाकाराचं म्हणणं मात्र खरं निघालं! दोन पाती तुटली. हाताला फोड आले, फुटले. मालकीणबाईंनी पाण्याची बाटली पुढे केली तेव्हा मालक खाली बघत म्हणाले, “तो बोलला ना, ढकलू का, ते डोक्यातून जाईना.”

“ठाऊक आहे मला. कान लाल झाले होते तुमचे.”

“मला वाटलं, तुलाही लाज वाटली असेल. तुझ्या बहिणीकडे तसली गाडी, आणि आपली ही अशी.”

मालकीणबाईंनी बाटलीचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, “गाडी घेताना आपण दोघं गेलो होतो. कापायला तुम्ही एकटेच गेलात. मला वाटलं ते एवढंच.”

मालकांची करवत थांबली. “चुकलं माझं,” ते म्हणाले. मालकीणबाईंनी त्यांच्या तळहाताला रुमाल बांधला, दुसरी करवत घेतली आणि पलीकडच्या टोकाला बसल्या.

दुपारपर्यंत बंपरचा खालचा जबडा सुटला. पाइप चढला. मग दिवेलागणीपर्यंत थांबून, माश्या परतल्यावर आम्ही निघालो. दोन पेट्या गेल्या. जाळीला चिकटून मेलेल्या माश्यांचा थर मालकीणबाईंनी नुसत्या हातानं काढला आणि झाडाखाली ठेवला. वीस पेट्या मी वर नेल्या, अगदी सावकाश. मागून हॉर्न वाजले तसतशी मालकांनी प्रत्येकाला वाट दिली.

नंतर एका जुन्या मेकॅनिकनं नळीला कडा करून दिली आणि माझा फिल्टर काढून मालकांसमोर धरला. त्यातून पलीकडचं काही दिसत नव्हतं. नवा फिल्टर बसल्यापासून मी तो चढ बोलत बोलत चढते. बंपरचा वरचा अर्धा मात्र अजून माझ्या हाडांना डकवलेला आहे. त्याचं काय करायचं ते दोघं मिळून ठरवणार आहेत म्हणे. ठरवोत बापडे.

काल मालक मोबाईल घेऊन माझ्या टपाकडे बघत उभे होते. दिव्यांची लांब पट्टी बसवतात म्हणे तिथे. मालकीणबाई ओट्यावरून नुसत्या बघत राहिल्या. मोबाईल खिशात गेला.

लोकहो, माझं मागणं फार मोठं नाही. मला ताकद नको, रुबाब नको, दिवे तर नकोतच. माझ्या मागच्या डाव्या चाकात सहा दिवस हवा कमी आहे. जाता जाता कोणीतरी वाकून बघा हो!