माहेरचा मुक्काम

उमा गौरीपर्यंत राहील, असं औरंगपुऱ्यातल्या भानुमतीनं मनाशी धरलं होतं. लेक जर्मनीत फ्रीलान्स व्हिसावर एकटी राहायची, पुस्तकांसाठी चित्रं काढायची. पण सीए म्हणाले, "उमाताई, यंदा आणखी दिवस राहिलात तर करापुरत्या इथल्या रहिवासी ठराल. मग तिकडच्या कमाईवर इथंही कर."

"अगंबाई, माहेरी राहायचाही कर का हो?" भानुमती हसली खरी, पण तिकीट निघालंच.

निघताना तिनं लेकीची ओटी भरली. चार दाणे माहेरी ठेवून बाकीचे लेकीनं न्यायचे, अशी रीत.

"आई, तिकडं धान्य नेऊ देत नाहीत गं," म्हणत उमानं सगळेच तांदूळ परत डब्यात ओतले.

संध्याकाळी भानुमतीनं त्याच तांदळाचा भात टाकला. एकटीला तो संपेना.