विहीर झालेला खोका

मी एक लाकडी खोका बोलतोय. शांतपणे सांगायचं ठरवलं होतं, पण ते जमेल असं वाटत नाही.

तारापूरला वीजकेंद्र उभं राहत होतं, तेव्हा यंत्राचे भाग पोटात घेऊन मी आलो. भाग निघाले आणि मी बोईसरच्या एका नाट्यमंडळाच्या शेडमध्ये येऊन पडलो. लोक माझ्यावर बसून चहा पीत, माझ्याच अंगावर विड्या विझवत.

माझी विचारपूस केली ती सुलूबाईनं. फिटर पंढरीची ही बायको. तिला पाड्यावरच्या विहिरीचं नाटक बसवायचं होतं. मनोरकडच्या डोंगरातून बांधकामावर आलेले ठकी आणि बुधा तिचे नट.

सुरुवातीला तिला दिग्दर्शन येत नव्हतं. प्रत्येक वाक्य स्वतः करून दाखवायची आणि "अगदी अस्संच कर" म्हणायची. ठकी तसंच करायची आणि दोघीही खोट्या वाटायच्या. एका संध्याकाळी सुलूबाई वैतागून खालीच बसली.

"ठके, मी आता काही दाखवणार नाही. हा खोका म्हणजे विहीर समज आणि पाणी काढ."

"दोर नाय, बाय. बादली बी नाय."

"नसू दे."

ठकी माझ्यावर वाकली. रिकाम्या हातांनी ओढू लागली आणि तिच्या खांद्यांवर खरंच वजन आलं. बुधा धावत पुढे झाला, "थांब गं, मी बी धरतो." तेव्हा मी विहीर झालो. त्या दिवसापासून सुलूबाई कमी बोलायची आणि जास्त बघायची.

मग पालघरची स्पर्धा जवळ आली आणि मंडळाचे चिटणीस प्रतापराव जागे झाले.

"वहिनी, पहिला नारळ दिग्दर्शकानं फोडायचा असतो, आणि बाईनं नारळ फोडायचा नसतो. तेव्हा दिग्दर्शक म्हणून माझं नाव लावू."

अरे, नारळाला काय कळतंय हात कुणाचा ते! तालमीला कधी न फिरकलेला माणूस एका नारळावर दिग्दर्शक झाला. वर त्यानं कापडावर रंगवलेली विहीर आणली, खऱ्या रहाटासकट, आणि मला विंगेत ढकललं. सुलूबाई विहिरीसाठी भांडली, नावासाठी भांडली नाही. याचा मला अजून राग येतो.

प्रयोगाच्या दिवशी प्रतापरावांनी ऐटीत नारळ फोडला. पडदा उघडला. ठकी रंगवलेल्या विहिरीपाशी गेली, जराशी थांबली आणि सरळ विंगेत येऊन मला फरफटत मधोमध घेऊन गेली. प्रतापराव विंगेतून "तिकडे, अगं तिकडे!" करत राहिले. लोक हसले. ठकीनं पाणी ओढलं आणि तालमीत ठरलं होतं तशी ओंजळ भरून पहिल्या रांगेकडे गेली.

"घ्या बाबा, तान लागली असंल."

तिथल्या म्हाताऱ्यानं दोन्ही हात पुढे केले. हसणं थांबलं.

पहिला नंबर आला. परीक्षकांनी खोक्याच्या कल्पनेबद्दल प्रतापरावांची पाठ थोपटली आणि या गृहस्थांनी ती थोपटून घेतली! सुलूबाई बायकांच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. तिच्या शेजारणीलाही कळलं नाही की नाटक कुणाचं आहे.

आता मंडळाच्या कचेरीत माझ्यावर मखमल घालून बक्षिसाची ढाल ठेवलीय. ढालीवर प्रतापरावांचं नाव कोरलंय, आणि ते मलाच डोक्यावर घेऊन उभं राहावं लागतं. सुलूबाई सालवडला कुणाच्या तरी अंगणात नवं नाटक बसवतेय, असं ऐकतो. तुम्ही कधी इकडे आलात, तर ढालीवरचं नाव वाचा आणि प्रतापरावांच्या तोंडावर मोठ्यानं सांगा: हे नाटक सुलूबाईनं बसवलं.