खालच्याने ओ दिली नाही

मी एक जुना मोडेम आहे, मित्रांनो, आणि मी बिघडलेलो नाही. आधीच सांगून ठेवतो, कारण या घरात सगळे नेमकं उलट सांगतात.

टेलिफोनच्या तारेतून एका संगणकाचं बोलणं दुसऱ्यापर्यंत नेणं, हा आमचा धंदा. कारखान्यातून निघालो, एका कचेरीत राबलो आणि नवी यंत्रं आल्यावर अडगळीत पडलो. तिथून मला आणि माझ्या जोडीदाराला दादाने घरी आणलं. दादा यंत्रं दुरुस्त करायचा. त्याच्या धाकट्या बहिणीचा आवाज घशाच्या शस्त्रक्रियेत कायमचा गेला होता आणि तिला जिना उतरवत नव्हता. पाणी हवं असलं तरी ती वरून जमिनीवर काठी आपटायची.

घरातले दोन्ही संगणक जुने, त्यांत नेटवर्क कार्ड नव्हतं. दादाने मला वर बसवलं, जोडीदाराला खाली, आणि मध्ये साधी फोनची तार ओढली. पहिल्या दिवशी काही जमेना. मी हाक मारत होतो आणि खालचा घंटी वाजण्याची वाट बघत होता. पण मध्ये टेलिफोन केंद्रच नाही, तर घंटी वाजवणार कोण? मग दादाने त्याला घंटीविनाच सारखं ओ देत राहायला शिकवलं. बहिणीने लिहिलं, ‘दादा, जेवलास का?’ तो खाली वाचून हसला. शेजारीपाजारी बघायला आले. माझा ऊर भरून आला. आता काठीचं काय काम, म्हणून दादाची बायको, आमची वहिनी, ती खाली घेऊन गेली.

पुढे वहिनीला जोडणी होताना खालचा मारायचा ती किंचाळी सहन होईना. दादाने एका आज्ञेत त्याचा आवाज बंद केला. तरी तिची कुरकुर थांबली नाही. तेव्हा मला कळलं, की तिचं दुखणं आवाजाचं नव्हतंच.

ती म्हणाली, “ओ द्यायला शिकवलंस, तसं गप्प बसायलाही शिकव त्याला. उठल्यासुटल्या हे हवं, ते हवं.”

दादा खालच्या संगणकापुढे बसला. त्याने ओ देण्याची आज्ञा काढून टाकली आणि वर येऊन बहिणीला म्हणाला, “मोडेम बिघडलाय गं. जुना माल, त्याचा काय भरवसा?”

तो गेल्यावर तिने मला कापडाने पुसलं, तार काढून परत लावली. तिची पाण्याची बाटली रिकामी होती. दुपारभर मी हाका मारल्या. संध्याकाळी दादा आला, तेव्हा तिने कागदावर लिहून दाखवलं, ‘माझ्याकडूनच काहीतरी चुकीचं दाबलं गेलं असेल. रागावू नकोस.’

“होतं असं कधीकधी,” म्हणत त्याने तिला माफ केलं आणि माझी तार गुंडाळली.

मित्रांनो, आम्हा यंत्रांवरची धूळ पुसा, न पुसा. पण माणसाची हाक नकोशी झाली, तर तसं त्याच्या तोंडावर सांगा, आमच्या माथी मारू नका. आम्ही अडगळीत पडून राहू, आम्हाला त्याची सवय आहे. ती मात्र आजही वरच्या खोलीत स्वतःच्या बोटांनाच दोष देते आहे.