हाकेला ओ

संस्थेने जव्हारमधली भाड्याची खोली सोडली आणि यापुढे सगळ्यांनी आपापल्या घरूनच काम करायचं असं ठरलं. ठरवणारे ठरवून गेले, निस्तरणं हर्षालीकडे आलं.

काम पाड्यांवरचं बोलणं गोळा करायचं होतं. अंगणवाडीतल्या पोरांना त्यांच्या घरच्या बोलीत काही ऐकवता यावं, म्हणून जाणत्या माणसांच्या गोष्टी, गाणी फोनवर रेकॉर्ड करायची. सूर्यमाळचा धनेश रेकॉर्डिंग करी, जामसरची वर्षा ते ऐकून लिहून काढी आणि जव्हारला घरी बसून हर्षाली शेवटचा हात फिरवी. हे सगळं व्हॉट्सअॅपवर चाले आणि रोज काहीतरी हरवे. धनेशने पाठवलेली गोष्ट वर्षाला सापडत नसे. सापडली तर अर्धीच उघडे.

हर्षालीने नेटाने बसून सगळ्यांसाठी एक सामायिक फोल्डर उभं केलं. गावागावाचे कप्पे केले, फाइलला नाव कसं द्यायचं ते सांगितलं, कोणी बदल करायचे आणि कोणी नुसतं पाहायचं त्याच्या परवानग्या लावल्या. मग फोनवरून समजावत प्रत्येकाकडून ऑफलाइनची खूण चालू करून घेतली. सूर्यमाळला रेंज मिळे ती फक्त पाड्यावरच्या टेपावर, म्हणजे उंच टेकाडावर. धनेश तिथे चढला की त्याच्या फाइली आपोआप वर जायच्या आणि जामसरला, जव्हारला आपोआप उतरायच्या. मग रेंज गेली तरी फाइल फोनमध्ये राहायची.

महिनाभर ते इतकं सुरळीत चाललं की हर्षालीला स्वतःचंच कौतुक वाटायला लागलं.

एप्रिलात धनेशने हाका रेकॉर्ड केल्या. शेळ्यांना कशी हाक मारतात, बैलांना कशी, दरीपलीकडच्या माणसाला कशी. हाका मारणारी होती कमूबाय. पाड्याच्या टोकाला एकटी राहणारी, साठीच्या पुढची बाई. आवाज मात्र अजून दरी ओलांडून जाई. शेवटच्या फाइलमध्ये तिने माणसाला हाक मारली होती. "सोम्याऽऽ... ये रंऽऽ... घरा येऽऽ." पुढे धनेश बंद करायला विसरला असावा. बराच वेळ नुसता वारा होता.

दुसऱ्या दिवशी वर्षाचा मेसेज आला. 'ताई, शेवटी ओ देणारा कोण? नाव काय लिहू?'

हर्षालीने कानात इअरफोन घालून फाइल ऐकली. हाक, मग वारा. तिने वर्षाला फोन लावला.

"अहो ताई, लांबून येते, पण नीट कळते. बाप्या माणसाची आहे."

"तुझं घर रस्त्याला लागून आहे. बाहेरचं कुणीतरी असेल."

"रात्री ऐकली, सकाळी ऐकली. प्रत्येक वेळी बाहेरचाच कसा ओ देईल?"

हर्षालीने धनेशला विचारलं. तो म्हणाला, "ताई, तिथं आम्ही दोघंच होतो. आणि सोम्या कुठून ओ देणार? कमूबायचा धाकटा भाऊ तो. मी शाळेत होतो तेव्हा टोळीबरोबर खाली किनाऱ्याकडे गेला, खाडीत रेती काढायला. बाकीची माणसं आली, तो आला नाही. मुकादम म्हणाला, मधेच पळून गेला. कमूबाय मग रोज संध्याकाळी टेपावरून हाक मारायची. कितीतरी वर्षं. मग सोडलं तिनं."

"आणि तू तीच हाक घेतलीस?"

"माणसाला हाक मारून दाखव म्हटलं. तिच्या तोंडून तीच निघाली."

हर्षालीने वर्षाला ती फाइल बाजूला ठेवायला सांगितली. पण वर्षा ठेवेना. शब्द कळत नाही म्हणून ती पुन्हा पुन्हा वाजवत राहिली. तिला नुसती ओ नाही, पुढे आणखी काही ऐकू यायला लागलं होतं. 'कुठशी?' असं, 'कुठे?' विचारल्यासारखं काहीतरी. मग एका सकाळी तिचाच फोन आला.

"ताई, आता काहीच ऐकू येत नाही. नुसता वारा."

"बरं झालं की."

"बरं नाही ताई. काल दुपारी आमचा कुत्रा अंगणात उभा राहून भुंकायला लागला. रस्त्यावर कुणी नव्हतं. डहाणूच्या, किनाऱ्याकडच्या बाजूला तोंड करून भुंकत होता. भुंकता भुंकता मान फिरवत गेला, कुणी समोरून चाललंय तशी. शेवटी जव्हारच्या बाजूला तोंड करून भुंकला आणि घरात येऊन खाटेखाली बसला."

हर्षाली हसली, पण ते हसू तिलाच खोटं वाटलं.

दुपारी जेवणं झाल्यावर तिचे वडील, गौतम गुरुजी, बाहेरच्या खोलीत आडवे झाले होते. निवृत्त झाल्यापासून त्यांना ऐकू कमी यायचं. टीव्हीचा आवाज शेजारपर्यंत जाई. गल्लीत ऊन नुसतं भाजत होतं. हर्षालीने मनाचा हिय्या केला आणि या वेळी इअरफोन न लावता फाइल मोठ्याने वाजवली.

"सोम्याऽऽ... ये रंऽऽ... घरा येऽऽ."

वारा. आणि मग दाराबाहेरून, "ओ."

फोनमधून नाही. दाराबाहेरून. गुरुजी खाटेवरून उठले, कडी काढून त्यांनी दार उघडलं. "कोण रे?"

गल्ली रिकामी होती. तरी हर्षालीला पुढचा शब्द ऐकू आला, अगदी उंबऱ्याजवळून. "कुठशी?" आवाजात राग नव्हता, धाक नव्हता. दारोदार वाट विचारून थकलेल्या माणसाचा आवाज होता तो.

"वाट चुकलेला दिसतोय बिचारा," गुरुजी उन्हाकडे बघत म्हणाले. "पण गेला कुठे एवढ्यात?"

हर्षालीने तिथल्या तिथे फाइल फोल्डरमधून काढली, सगळ्यांच्या परवानग्याही काढून घेतल्या. मग वर्षाला फोन केला. "बघ, गेली का?"

"नाही ताई. इथं नेट नाही ना आत्ता. माझ्या फोनवर आहे अजून. वाजतेय."

आपणच लावून दिलेली ती ऑफलाइनची खूण हर्षालीला आठवली. वरचं पुसून भागणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कमूबायलाच गाठायला ती जीपने मोखाड्याला गेली, तिथून दुसऱ्या जीपने सूर्यमाळला. फोन तिने बंद करून पिशवीच्या तळाशी ठेवला होता. वाटेभर तिला वाटत राहिलं, आपण गाडीतून चाललोय आणि कुणीतरी पायी चाललंय.

विहिरीवर बायका हंडे लावून बसल्या होत्या. तळाशी झिरपेल तेवढंच वाटी वाटी भरून घ्यायचं. कमूबाय त्यांच्यातच होती. धनेशने तिला बाजूला बोलावलं. हर्षालीने सांगायला सुरुवात केली तेव्हा तिची तिलाच लाज वाटत होती, पण कमूबाय हसली नाही की दचकली नाही.

"काय म्हणला?"

"कुठशी, एवढंच."

"माझी हाक कुठं कुठं वाजते?"

"जामसरला, जव्हारला आणि इथं."

कमूबाय धनेशकडे वळली. "हाक एका जाग्यावरनं मारायची असते, बाबा. त्याला काय दिसतं? हाकेवरनं वाट धरतो तो. तीन जाग्यांवरनं हाक आली तं पाय कुठं टाकायचा त्यानं? आन् हाक मारली तं पुढं मारत राहावं लागतं. तुमी मारता आन् गप बसता."

धनेशने खिशातून फोन काढला.

"पुसा ती," कमूबाय म्हणाली. "सगळीकडनं पुसा. मी मारते."

दोघं टेपावर चढली. हर्षालीने वर्षाला फोन लावून फाइल कुठून कशी काढायची ते सांगितलं. वर्षाने दोनदा विचारलं, "खरंच पुसू?" आणि पुसली. धनेशने पुसली. हर्षालीच्या फोनमध्येही उतरलेली प्रत उरली होती, पण तिचा अंगठा स्क्रीनवर अडला. जव्हारपर्यंत तो तिच्याच घरातल्या हाकेवर आला होता. आता ती बंद केली आणि इथली त्याला ऐकू गेली नाही, तर? मधल्या रानात तो कुणाला विचारणार? मग तिने डोळे मिटून बोट टेकवलं.

ऊन उतरल्यावर कमूबाय वर आली आणि कड्याजवळच्या सपाट कातळावर बसली. तिने हाक मारली. दरीत आवाज फिरून विरला. पुन्हा मारली. हर्षाली आणि धनेश मागे, करवंदीच्या जाळीपाशी उभे होते. उत्तर कसलंच येत नव्हतं, पण ती थांबत नव्हती. आवाज चिरकला, घसा बसला, तरी मारत राहिली. मोखाड्याकडचे डोंगर काळे पडायला लागले.

आणि एकदा, नाव अर्धं उच्चारून ती थांबली.

मग कातळावर जरा बाजूला सरकली, शेजारी एक माणूस बसेल एवढी. धनेशने हर्षालीचं मनगट घट्ट धरलं.

मागे न बघता कमूबाय म्हणाली, "तुमी घरा जा आता."

ती दोघं उतरली. धनेशच्या अंगणात बसल्यावरही टेपावरून बोलणं ऐकू येत होतं. शब्द घरच्या बोलीतले, हर्षालीला अर्धेच कळणारे. एकटीच कमूबाय बोलत होती. मधे मधे थांबत होती, समोरच्याने उत्तर द्यावं एवढं थांबत होती, मग "हां, हां" म्हणत पुढे बोलत होती.

सकाळी हर्षाली घरी कळवायला टेपावर गेली. कमूबाय बसली होती तो अर्धा कातळ कोरडा होता. शेजारचा अर्धा ओला होता, आणि त्या ओलीवर मधमाश्या घोंगावत होत्या. तिने वाकून बोट लावलं, जिभेला लावलं. खारट होतं. सूर्यमाळच्या डोंगरावर, जिथे प्यायला हंडाभर पाणी मिळत नाही, तिथे ते खाडीचं पाणी होतं. ती वळून उतरली ती जवळजवळ पळतच.

विहिरीवर कमूबाय बायकांना सांगत होती, "सोम्या पाण्यात गेला. तवाच गेला. आता त्याचे दिवस घालायचे." कुणी तिला 'तुला कसं कळलं' म्हणून विचारलं नाही.

दिवसाच्या जेवणाला पाडा जमला. हर्षाली आली, जामसरहून वर्षाही आली. धनेश आणि त्या दोघी पंगतीत जवळजवळ बसले. कमूबाय स्वतः वाढत होती. घसा अजून बसलेलाच होता. ती समोर आली तेव्हा वर्षाला राहवलं नाही.

"कमूबाय, मी लई वेळा वाजवली ती. त्याला राग आला होता का?"

"रागवायला त्याला सुचत नव्हतं गं," कमूबाय म्हणाली. "आईचंच विचारत बसला सगळी रात. तो गेल्यावर तिसऱ्या साली आई वारली, ते त्याला ठावंच नव्हतं. मीच सांगितलं."

वर्षाचा हात ताटातच राहिला. कमूबायने तिला आणखी भात वाढला आणि पुढच्या पानाकडे वळली.