लाँड्रीचा तास

परदेशातून सहा आठवड्यांसाठी आलेल्या प्राध्यापकांनी कॉलेजात पाऊल ठेवलं आणि व्यवस्थापन शिकवण्याची सगळी घडीच मोडून टाकली. त्यांच्या तासाला वह्या बंद! एखादा खराखुरा व्यावसायिक वर्गात येऊन आपला न सुटलेला प्रश्न मांडायचा, मुलं त्यावर तुटून पडायची, आणि शिक्षकानं मात्र उत्तर सांगायचं नाही. तिथे हा विषय शिकवणाऱ्या मॅडम पंधरा वर्षं टिपणं उतरवून देत आल्या होत्या. मुलं त्यांना पाठीमागे ‘टेपरेकॉर्डर’ म्हणत, आणि हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. आधी त्यांना ही सगळी थेरं वाटली. पंधरवड्यात त्यांना त्याचं वेडच लागलं.

पाहुणे प्राध्यापक परवा निघणार होते. आजचा तास मॅडमनी एकट्यानं घ्यायचा होता. तो पाहून प्राचार्य ठरवणार होते, ही पद्धत ठेवायची की पुन्हा टिपणं सुरू करायची. ते शेवटच्या बाकावर पाहुण्यांशेजारी बसले होते, दात काढून घ्यायला आल्यासारखा चेहरा करून.

आणि आजचे व्यावसायिक कोण, तर मॅडमचे वडील! चाळीस वर्षं लाँड्री चालवलेले, घरात कुणाचं म्हणून ऐकून न घेणारे. एका मोठ्या हॉटेलनं आपल्या सगळ्या चादरी नि टॉवेल त्यांना धुवायला द्यायची तयारी दाखवली होती. संध्याकाळपर्यंत हो की नाही कळवायचं होतं.

“तर असं आहे,” बाबा म्हणाले. “बोला आता.”

दोघातिघांनी सवयीनं पेनं उघडली. प्राचार्यांनी घड्याळ पाहिलं. मॅडमच्या जिभेवर उत्तर तयार होतं : घ्या की काम, एवढी चालून आलेली संधी! त्यांनी ओठ घट्ट मिटले.

शेवटी पुढच्या बाकावरची चष्मेवाली म्हणाली, “काका, तुमच्याकडे कपडे सगळ्यात जास्त कुठे अडकून पडतात?”

“अडकतात कसले? धुणं तासाभरात, वाळवणं तासाभरात...” बाबा थांबले. “इस्त्रीला. तीन टेबलं, तीन माणसं. तिथं गाठोड्यांचा ढीग कधी हलतच नाही. मशिनं मात्र दुपारनंतर रिकामीच असतात.”

“मग चादरी कशा घेणार? त्यांना इस्त्री लागते!” कोणीतरी ओरडलं.

“माणसं वाढवा!”

“आणि उद्या हॉटेलनं काम काढून घेतलं तर?”

वर्गात एकच कल्ला झाला. मुलं बाकांवर गुडघे टेकून भांडत होती. मॅडम फळ्यावर लिहिता लिहिता धापा टाकत होत्या, खडूनं पदर पांढरा झाला होता, आणि त्यांना इतका आनंद झाला होता की हसू आवरत नव्हतं.

“थांबा रे, थांबा!” बाबा उभे राहिले. “टॉवेलला कुठे इस्त्री लागते?”

मॅडमनी फळ्यावर ‘टॉवेल’ लिहून त्याखाली रेघ ओढली.

“टॉवेल तेवढे घेतो! दुपारनंतर, रिकाम्या मशिनांवर. चादरी त्यांच्या त्यांना लखलाभ!”

“पण नुसते टॉवेल द्यायला हॉटेल तयार होईल का?” मागून आवाज आला. प्राचार्य बाकावरून अर्धे उठले होते. “आणि समजा नाही झालं, तर?” चष्मेवाली गर्रकन मागे वळली आणि थेट त्यांच्याशीच वाद घालू लागली. तास संपल्याची घंटा झाली, ती कोणी ऐकलीच नाही. पाहुणे हळूच दार उघडून बाहेर पडले.

बाबा लेकीजवळ आले. “ही अडणारी जागा शोधायची युक्ती भारी आहे हं. तुमच्या पुस्तकात असते का?”

“असते ना. चौथा धडा. दरवर्षी सांगते मी तो.”

“पंधरा वर्षं?” बाबा तिच्याकडे बघतच राहिले. “आणि रोज संध्याकाळी त्या ढिगाशेजारी बसून चहा पितेस! मग बोलली का नाहीस कधी?”

“वर्गात नुसता सांगत होते, बाबा,” मॅडम म्हणाल्या. “तो धडा मला कळला आज.”