सोळावी तुकडी

राजारामच्या हातात माइक कुणी द्यायलाच नको होता. पण नातीला, रश्मीला, भारी हौस. आजी-आजोबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून तिने लालबागच्या हॉलमध्ये शंभर माणसं जमवली, केक कापला आणि वर विचारलं, आजोबा, इतकी वर्षं टिकलं कसं ते सांगा ना. झालं! उचलली जीभ, लावली टाळ्याला.

त्याने आपली ठेवणीतली गोष्ट काढली. लग्न झालं तेव्हा तो गिरणीत होता आणि परळच्या एका खोलीत त्याची बायको राधाबाई खानावळ चालवायची. गावाकडचे चौदा गिरणी कामगार तिच्या हातचं जेवायचे, राजारामही त्यांच्याच पंगतीला. एका रविवारी सुरमई होती, माणशी एक तुकडी. राजाराम भात कालवायला गेला तर खाली दुसरी तुकडी. नव्या नवरीने लपवून वाढलेली. हा पडला युनियनचा माणूस, तत्त्वाचा. त्याने ती सगळ्यांदेखत उचलली, शेजारच्या गणपतच्या ताटात टाकली आणि बायकोला बजावलं, "इथे सगळ्यांना सारखं." पंगतीने त्याची वाहवा केली.

हॉलमध्येही टाळ्या पडल्या. राजारामने छाती फुगवली. शेजारच्या खुर्चीतली राधाबाई तेवढ्यात उठली आणि श्रीखंड पुरतंय का बघायला गेली. केटररची एवढी माणसं असताना तिला काय पडलं होतं? पण हे या शहाण्याच्या डोक्यात यायला दुसरा दिवस उजाडला.

दुसऱ्या दिवशी तिने चहा दिला, गोळी घेतली का विचारलं, त्यापलीकडे एक शब्द नाही. रुसली म्हणावं तर पन्नास वर्षांत ती रुसल्याचं त्याला आठवेना. तिने कधी काही मागितल्याचंही आठवेना. आणि मग त्याला धडकी भरली. तिच्यावर त्याचा जीव होता, अगदी खरा होता. तिच्या ऑपरेशनच्या वेळी तीन दिवस तो हॉस्पिटलच्या जिन्यात बसून होता. पण ते तिला कधीतरी सांगायला हवं, हे काही त्याला सुचलं नव्हतं.

दुपारी ती कोथिंबीर निवडत होती. तो समोर येऊन बसला.

"तेव्हा तुका राग आलेलो काय गो?"

राग नाही, ती म्हणाली, लाज वाटली होती. आणि मान खाली घालूनच तिने सांगितलं, "मी सोळा तुकड्या केलेल्या. चौदा त्यांच्या, एक तुमची. सोळावी माझी होती."

सगळ्यांना सारखं म्हणताना त्याने पंगत मोजली होती. वाढणारी मोजलीच नव्हती. त्या रविवारी ती नुसत्या कालवणाशी जेवली असणार, आणि गणपत दोन तुकड्या खाऊन ढेकर देत आडवा झाला असणार.

मग बोलली का नाहीस, असं त्याने विचारलं, आणि विचारतानाच त्याला स्वतःची शरम वाटली. पंधरा पुरुषांसमोर काय बोलणार, ती म्हणाली. पुढे सांगणार होते. पण तुम्ही गावी सांगितलंत, गिरणीत सांगितलंत, पोरांना सांगितलंत. एवढ्या आनंदाने सांगायचात की तो मोडवेना.

"आता नाही सांगणार कधी," तो म्हणाला. "तू म्हणशील ते करतो. पण तेव्हासारखं एकदा माझ्यासाठी काहीतरी लपवून ठेव."

राधाबाईने पहिल्यांदाच वर पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, मायाच होती, म्हणून ते त्याला जास्त लागलं.

"तुमचं सगळं मी केलं, पुढेही करीन," ती म्हणाली. "पण स्वतःचं काढून तुम्हाला लपवून वाढणारी ती एकोणीस वर्षांची पोर होती हो. ती आता कुठून आणू?"

राजाराम रडायला लागला, लहान पोरासारखा, तोंड उघडं टाकून. तिने कोथिंबीर बाजूला केली, त्याच्याजवळ येऊन बसली आणि त्याला पोटभर रडू दिलं.